गोमलीबाईनं मोकळी सोडलेली जागा

माझी सगळी नोकरी नावं ठेवण्यात गेली. लोक हे काम फुकट करतात, मला त्याचा पगार मिळायचा.

छप्पन साली यवतमाळला रेडिओचं एक लहानसं ध्वनिमुद्रण केंद्र निघालं, तिथं मी लागलो. जिल्ह्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची गाणी टेपवर घ्यायची, ऐकायची, आणि त्यात काय बिघडलं आहे ते सांगायचं. गाणं बिघडलं, गळा बिघडला की आमचं यंत्र बिघडलं, हे वेगळं करून सांगणं हे माझं काम. चांगली टेप पुढं जायची आणि गावोगावच्या पंचायतीतल्या रेडिओवर वाजायची. वाईट टेप पुसून पुन्हा वापरायची.

मुकुटबनच्या पुढं आमचं गाव. आमच्या गावातून कॉलेजात गेलेला आणि पास होऊन परत आलेला मी पहिला. बी.एस्सी., पदार्थविज्ञान. हे मी विनयानं सांगत नाही. घरात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती, तेव्हा ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे. नोकरी लागल्याचं सांगायला घरी गेलो, तर बाबा ओट्यावर तुरीच्या काड्यांची टोपली विणत बसले होते.

"काय करा लागते तिथी?" त्यांनी विचारलं.

"गाणे आयकतो. चुका काढतो."

"कोनाच्या?"

"गानाऱ्याच्या."

बाबांनी काडी वाकवली, टोपलीत अडकवली आणि आत तोंड करून आईला म्हणाले, "आयकलं का वं? पोट्ट्याले लोकाच्या शिव्या खायची नौकरी लागली."

ते फारसं चूक नव्हतं.

केंद्र म्हणजे कापसाच्या एका गोदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. आत शिरलं की स्वतःचा आवाज तोंडातून निघून लगेच पडल्यासारखा वाटायचा. नवीन माणूस तिथं आपोआप हळू बोलायला लागे. माझे वरिष्ठ पाठकसाहेब, नागपूरकडचे, स्वतः पेटी उत्तम वाजवायचे. जीपवर नूरभाई. गाडी, बॅटरी आणि आमची जेवणं, तिन्ही खाती त्यांच्याकडं. मला ते 'बीएस्सीसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चूक म्हणजे बेसूर. बेसूर तर पानवाल्यालाही कळतं. आमच्या चुका बारीक. गाणारा दमला की सूर खाली सरकतो, पण इतका हळू की त्याला स्वतःला समजत नाही. टाळ्या पडल्या की लय पळते. 'प' आणि 'भ' म्हणताना तोंडाची हवा मायक्रोफोनवर आदळते आणि कोणी उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज येतो. हे सगळं कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून शोधायचं. मला लवकरच एक गर्व झाला, की प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते मला सापडतं.

वणीचं उदाहरण सांगतो. तिथं सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याला लागून टिनाचा एक हॉल होता. संक्रांतीच्या सुमारास तिथं गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. तो हॉल सूर खातो, असं बोललं जायचं. कोणीही गायला बसो, शेवटी सगळे सारखेच खाली उतरलेले. फार पूर्वी तिथं गाता गाता एक गवई गेला आणि तो सगळ्यांना आपल्या पट्टीत ओढतो, असं गावात पक्कं झालं होतं. गवई मंडळी बसण्याआधी तिथं नारळ फोडत. मी तीन कार्यक्रम मागच्या रांगेत बसून ऐकले. चौथ्या वेळी हॉलच्या बाहेर उभा राहिलो. जिनिंगचं इंजिन एकसारखं घुमत होतं. कापूस जास्त चढला की इंजिनावर भार पडे, ते जरासं मंद होई आणि त्याची घुमघुम खाली जाई. गाणाऱ्याच्या कानात ती तंबोऱ्याच्या मागून शिरायची, आणि तो तिच्या मागं मागं जायचा. पुढच्या वर्षी कार्यक्रमापुरतं इंजिन बंद ठेवलं. गवई सुटला. नारळ मात्र अजून फोडतात म्हणे.

मुकुटबनला भजनी मंडळातले एक म्हातारे होते. त्यांचं भजन घ्यायला गेलो आणि अर्ध्यात बॅटरी उतरायला लागली. यंत्र हळू फिरू लागलं, ते आम्हाला तिथं समजलं नाही. हळू घेतलेली टेप नंतर नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज बारीक आणि तरुण होत जातो. पुन्हा कधी गेलो तेव्हा म्हातारे गेलेले होते. त्यांच्या घरी मी ती पुसायची राहिलेली टेप लावली आणि विसरलो, की ती बिघडलेली आहे. सत्तरीतला घोगरा आवाज सुरुवातीला निघाला. मग ऐकता ऐकता तो पन्नाशीचा झाला, तिशीचा झाला, आणि शेवटच्या कडव्याला विशीतला एक पोरगा त्या घरात गात होता. मी घाईनं बटण दाबायला गेलो. चुलीपाशी बसलेली त्यांची म्हातारी म्हणाली, "राहू दे ना रे बाप्पा. लग्नात असाच होता त्याईचा आवाज. तुले कसा भेटला?"

मी बॅटरीचं सांगितलं. तिनं मान हलवली, म्हणजे मी सांगतोय म्हणून हलवली. मी मनात म्हटलं, कारण आहे. जीपमध्ये बसल्यावर नूरभाई म्हणाले, "बीएस्सीसाहेब, बॅटरी उतरी, वो तो ठीक है. मगर उतरके उसी उमर पे कैसी रुकी?"

आता गोमलीबाईकडं येतो. त्याआधी टेपची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

टेप म्हणजे एक लांब पट्टी, चकरीवर गुंडाळलेली. थरावर थर. ओल्या शाईच्या कागदाची घडी घातली की अक्षरं पलीकडच्या बाजूला फिकट उमटतात, तसंच इथं होतं. एका थरावरचा आवाज वरच्या-खालच्या थरांवर पुसट उठतो. आम्ही त्याला छाप म्हणायचो. त्यामुळं कधी कधी गाणारी तोंड उघडायच्या आधीच्या शांततेत तिचाच आवाज, फार दुरून आल्यासारखा, ऐकू येतो. मग खरा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मला यायचा नाही. उन्हात पडलेल्या टेपवर छाप जास्त उठते, हेही मला माहीत होतं, आणि आमच्या जिल्ह्याला उन्हाची कमी नाही.

फुलसावंगीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एक बंजारा तांडा आहे. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं, आता कापूस-ज्वारी करून राहणारी. तिथल्या गोमलीबाईचा गळा फार चांगला आहे असं कानावर आलं, म्हणून एका एप्रिलात आम्ही गेलो. ऐन दुपार होती. सावली पायाखाली आलेली. नायकानं, म्हणजे तांड्याच्या मुख्यानं, लिंबाच्या झाडाखाली खाट टाकून दिली. गोमलीबाई आली. पन्नाशीची, उंच, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि खोकला. दर दोन वाक्यांमागे तो यायचा.

ती उभी राहिली. मी मायक्रोफोनचा खांब तिच्या डाव्या बाजूला रोवायला गेलो.

"तिथी नोका ठेवू, सायेब," ती म्हणाली.

"काहून?"

"तिथी ते उभी हाये."

मी पाहिलं. तापलेली माती होती. तांड्यातल्या बाकीच्या बाया दहा पावलं मागं, झाडाच्या बुंध्याशी बसलेल्या. कोणी हसलं नाही. मी खांब उजवीकडं नेला. कलावंतांच्या लहरी सांभाळायच्या, हा धंद्यातला पहिला धडा. नूरभाईंनी मात्र जीप न विचारता थोडी लांब नेली.

गीत लदलेल्या बैलांचं होतं, बाजारात ऐकून माझ्या ओळखीचं. बैल निघाले, कोणत्या विहिरीवर थांबतील, पाणी कोण काढील, असं प्रत्येक ओळीत एक विचारणं, आणि ओळीच्या शेवटी 'याडी'. याडी म्हणजे आई. आवाज म्हणाल तर सरळ, रुंद, कुठंही न हलणारा. आणि मग चूक आली. ओळ चढत चढत शेवटच्या शब्दापाशी आली आणि गोमलीबाई थांबली. 'याडी' म्हणालीच नाही. दोन मात्रा गप्प. मग पुढची ओळ. तिच्याही शेवटी तेच. सगळं गीत तसंच, प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापाशी तोडलेली. मागच्या बायांपैकी एकीनंही तो शब्द घेतला नाही. मी हेडफोनमध्ये नीट ऐकत होतो. त्या दोन मात्रांत वारा होता, एक माशी होती, दुसरं काही नव्हतं.

यवतमाळला आल्यावर पाठकसाहेबांनी टेप ऐकली. गळ्यावर खूश झाले. "पण हे मधे मधे काय आहे? ऐकणाऱ्याला वाटेल, रेडिओ बिघडला. ती विसरते का?"

"विसरत नाही साहेब. प्रत्येक ओळीला तेच आहे."

"मग तू काप. ओळीला ओळ जोड."

टेप ब्लेडनं तिरपी कापून चिकटपट्टीनं जोडता येते. माझा हात त्यात चांगला होता. खोकला कापला आहे, कुत्र्याचं भुंकणं कापलं आहे, एकदा एका पुढाऱ्याची शिंक कापली आहे. कापायच्या जागेवर खूण करायला मी हेडफोन लावला आणि यंत्र हातानं हळू फिरवलं. नेमकी जागा शोधताना आवाज मोठा करावा लागतो.

त्या गप्प दोन मात्रांत कोणीतरी 'याडी' म्हणत होतं.

फार बारीक. मैदानाच्या पलीकडून आल्यासारखं. पण स्वच्छ बाईमाणसाचा आवाज. 'डी'वर तो चिरत होता, ओला बांबू चिरावा तसा. आणि मात्रेच्या किंचित आधी येत होता, घाई झाल्यासारखा.

मी छाप म्हटलं. ताबडतोब म्हटलं. आणि मग हात थांबला. छाप उठते ती टेपवर असलेल्या आवाजाची. हा शब्द तर त्या टेपवर कोणीच म्हटला नव्हता. जुनी टेप नीट पुसली गेली नसेल, तर खालचा आवाज राहतो. पण ही टेप नवीन होती, वेष्टण मीच फोडलं होतं. मागची एखादी बाई पुटपुटली असेल? मग त्या वेळी हेडफोनमध्ये मला माशी ऐकू आली आणि ती नाही? एकेक कारण घेतलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी कारणं संपली. गोधड्यांच्या त्या खोलीत, भर दुपारी, मी उठून दार उघडून बसलो.

ब्लेड लावलं नाही. साहेबांना म्हटलं, पुन्हा जाऊन अखंड गाऊन घेतो. नूरभाईंना टेप ऐकवली. ऐकून त्यांनी हेडफोन फार सांभाळून, झोपलेलं पोर ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चलो. मगर उनकी चीज है, उनको सुनाके आयेंगे."

गोमलीबाई घरीच होती. आठ-दहा दिवसांत खोकला वाढला होता. मी म्हटलं, "बाई, शेवटचा शब्द म्हणून एकदा पुरं गीत म्हणा. नाही तर साहेब मधली जागा कापतो म्हणतात."

"कापतो म्हंजे?"

मी दोन बोटांची कात्री करून दाखवली. ती एकदम उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

"नोका, सायेब. तेच्यासाठीच त म्हटलं मी. नाही त रेडिओ मले कायले पाह्यजे?"

मग तिनं सांगितलं. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट, पण कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. त्यांच्या तांड्यात दोन बायांची जोड लागते. लग्न होऊन आल्या की एकीनं दुसरीला धरायचं, ते जन्मभर. एक ओळ म्हणते, दुसरी शेवटचा शब्द म्हणते. एकीचा शब्द दुसरीनं घ्यायचा नाही. गोमलीबाईची जोड चांदी. ती वारली. तेव्हापासून तिचा शब्द मोकळा.

"दुसरी कोणी घेत नाही का?"

"घेते. पन आपल्या मनानं आली पाह्यजे. बलावता येत नाही, सांगता येत नाही. इथच्या साऱ्याईले आपली आपली जोड हाये. कोनी आली नाही." ती खोकली. "जोवर शबद कोनी उचलत नाही तोवर चांदीले बसता येत नाही. माह्या बाजूले उभी हाये ते. किती वर्सं झाले, उभीच हाये. अन् मी मेली त मंग काय? मंग दोघीही उभ्या. आमाले बसवनारं कोन?"

खोकला आवरून ती पुढं सांगू लागली.

"नायक म्हने, रेडिओ लय दूर जाते. साऱ्या तांड्याईवर जाते. म्हटलं, कुठी त कोनी बाई आयकन. तिले जागा दिसन. तुमी जागाच कापली त तिनं पाय कुठी ठेवावा?"

तेव्हा मी तिच्या कानाला हेडफोन लावला. पहिली ओळ तिनं ओळखून ऐकली, स्वतःचाच आवाज, थोडी लाजलीही. मग ती दोन मात्रांची जागा आली. तिचा चेहरा स्थिर झाला. मी तीन वेळा ऐकवलं. नूरभाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जीपपाशी जाऊन उभे राहिले.

"चांदी?" मी विचारलं.

"नाही." तिनं हेडफोन काढला. "चांदीचा आवाज गोड होता. हे चांदी नोहे."

"मग कोण?"

ती तांड्याच्या बाहेर, डोंगराच्या पलीकडं जाणाऱ्या गाडवाटेकडं बघत राहिली. वाटेवर कोणी नव्हतं.

"मले काय ठाव, सायेब. येऊन राह्यली कोनीतरी."

परत आलो आणि साहेबांना सांगितलं, मी कापणार नाही.

"हा दोष आहे," ते म्हणाले.

"दोष नाही साहेब. जागा आहे."

"अरे, बी.एस्सी. झालेला माणूस तू!"

"बी.एस्सी. झालेला आहे म्हणूनच सांगतो. तुम्ही एकदा आवाज मोठा करून ऐका."

त्यांनी ऐकलं. "छाप आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "कशाची?" त्यांनी पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून रुमालानं पुसला, रुमाल घडी करून खिशात ठेवला, आणि बाहेर सडकेवरून एक बैलगाडी जात होती ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत बसले. "जाऊ दे तसंच," एवढंच बोलले. ती टेप त्यांनी पुन्हा स्वतः कधी लावली नाही. पण पेटीवाला माणूस. गाणं चांगलं आहे म्हणून कार्यक्रमात ते पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. लोकांच्या तक्रारीही आल्या, की बाईला शेवट येत नाही. आम्ही ऐकून घेतल्या.

मधे दोन-तीन वर्षं गेली. राज्य बदललं, आमचं टेबल तेच राहिलं. मी पुष्कळ चुका काढल्या. पण एक सवय लागली. कुठंही बाईचा आवाज आला की 'डी'ची वाट पाहायची. वणीला, मुकुटबनला, बाजारात, लग्नात. एकदा एसटीत एक बाई आपल्या पोरीला हाका मारत होती, तर मी दोन थांबे पुढं गेलो. घरच्यांना वाटलं, कामानं याचे कान बिघडले.

मग फुलसावंगीला, कापूस निघून गेल्यावर, बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप घालून आम्ही लोकगीतांचा जाहीर कार्यक्रम ठेवला. दुपारची उन्हं कलती झाली होती. मंडपाच्या मागं बाजार भरलेला, मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी, बैलांच्या घागरमाळा. मी मंचाखाली यंत्रापाशी, कानाला हेडफोन. गोमलीबाईला दोघींनी धरून मंचावर आणलं. ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला पाहून म्हणाली, "आज आखरी हाये, सायेब. नीट घ्या." मी मायक्रोफोन उजवीकडं ठेवला. डाव्या बाजूला कोणाला उभं राहू दिलं नाही.

ती गायला लागली. आवाज बारीक झाला होता, पण सरळ. पहिली ओळ चढली, शेवटच्या शब्दापाशी आली, थांबली.

हेडफोनमध्ये 'याडी' आलं.

फार दुरून, पुसट. 'डी'वर चिरलेलं. मात्रेच्या किंचित आधी. टेपवर जेवढं बारीक होतं, नेमकं तेवढंच बारीक. क्षणभर मला वाटलं, यंत्रावर जुनी टेप लागली आहे. मी चकरीकडं पाहिलं. टेप कोरी होती आणि फिरत होती.

मी हेडफोन काढला. दुसरी ओळ आली, थांबली. आता तो शब्द हवेत होता. मंडपाच्या पार मागून, मिरच्यांच्या ढिगांच्या पलीकडून. माणसं मागं वळून पाहत होती. तिसऱ्या ओळीला आवाज मंडपाच्या तोंडाशी होता. चौथ्याला माणसांच्या मधोमध. लोक वाट देत होते. डोक्यावर बाजाराचं गाठोडं तसंच ठेवलेली एक तिशीची बंजारा बाई पुढं येत होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, थोडी लवकरच, शब्द टाकत होती. गोमलीबाईनं मान वळवली नाही. ती समोर बघून गात राहिली. फक्त तिचा डावा हात, जो मी कधी हललेला पाहिला नव्हता, थोडासा बाजूला झाला.

गीत संपलं तेव्हा ती बाई मंचाच्या पायरीशी उभी होती. घामानं डबडबलेली. इतकी माणसं आपल्याकडं पाहताहेत हे तिला तेव्हा समजलं आणि ती घाबरली.

"चुकलं का माहं?" ती म्हणाली. "मी पार झरीकडच्या तांड्यातली हाय, भाऊ. जेठाकडं आली पाव्हनी, मिरच्या घ्याले आलती बजारात. पंचाइतीच्या रेडिओत हे गीद लागे. हे बाई थांबे अन् मले राहवे ना. दर खेपी मी म्हनो. सासू म्हने याड लागलं इले. आता अचानक तोच आवाज कानी पडला, त तोंडातून निंगूनच गेलं."

गोमलीबाईनं तिला काही विचारलं नाही. तिनं मला विचारलं. वरून खाली वाकून, सगळ्यांसमोर.

"सायेब, तुमी आयकलं होतं. हेच का?"

त्या दिवसापर्यंत मी शेकडो गळ्यांवर शेरे मारले होते. त्यातल्या एकावरही कोणाचं काही अडलेलं नव्हतं. आणि जोडून पाहायला माझ्याजवळ काही नव्हतं. जुनी टेप वर्षभरापूर्वीच, टेपा कमी पडतात म्हणून, पुसली गेली होती. आमच्याकडं चांगल्या टेपाही शेवटी पुसल्याच जायच्या. होता फक्त माझा कान.

"हेच," मी म्हणालो.

"पक्कं?"

"डीवर आवाज चिरते. अन् मात्रेच्या आधी येते. टेपवर हेच होती."

"आवाज खराब हाये माहा," ती बाई लाजून म्हणाली.

"त्यावूनच त सायबानं वळखलं," गोमलीबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच डावीकडं वळली. त्या मोकळ्या जागेकडं तिनं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग तिनं हात खाली केला, घरी आलेल्या माणसाला बसा म्हणताना करतात तसा, आणि त्यांच्या बोलीत हळूच काहीतरी म्हणाली. मला त्यातलं 'चांदी' एवढंच समजलं. मंचाची फळी तिथं करकरली. जुन्या फळ्या करकरतात.

"ये," ती त्या बाईला म्हणाली. बाईनं गाठोडं नूरभाईंच्या हातात दिलं आणि वर जाऊन तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

गोमलीबाईनं मला बोट केलं. "सायेब, तुमचा तो खांब आना आता इकडं. मधात ठेवा. जागा मोकळी झाली."

मी खांब उचलून दोघींच्या मधे नेला. हेडफोन लावला. गोमलीबाई खोकली, घसा साफ केला आणि ओळ उचलली. शब्द पुन्हा मात्रेच्या आधी आला. एवढ्या जवळून तो फार मोठा वाटला.